दैवशालाचे लाल धागे, पांढरे धागे

सोमवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. हिवरखेडी गावात एक भोळी बाई होती, दैवशाला तिचं नाव. त्या वेळी ती आपल्याच घराला फेऱ्या मारत होती आणि आत चुलीवर दूध वर येत होतं.

पहिल्या फेरीला तिनं दारातून आत बघितलं. दूध काठाला लागलं होतं.

"आत्याबाई, दूध वर आलंय हो," असं म्हणून ती पुढं गेली.

दुसऱ्या फेरीला दूध काठावरून खाली डोकावत होतं.

"आत्याबाई, दूध उतू चाललंय," ती म्हणाली. घाईनं नाही, बेतानं. आणि पुढं गेली.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, अंजनाबाई. त्या मागं गोठ्यात शेण काढत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही. तिसऱ्या फेरीला चूल विझलेली होती आणि घरभर जळका वास सुटला होता.

"गेलं," दैवशाला म्हणाली आणि चौथ्या फेरीला लागली. अर्धा तास व्हायला अजून सत्तावीस मिनिटं बाकी होती.

वास आल्यावर अंजनाबाई धावत आल्या.

"अगं दैवशे, डोळ्यांदेखत दूध चाललंय आणि तू फिरतीयेस काय? पिंपळ आहे का हा?"

"थांबता येत नाही आत्याबाई. मॅडमनी सांगितलंय. हळू चालायचं, अर्धा तास चालायचं, मधे थांबायचं नाही."

"मग ओरडायचं तरी!"

"ओरडले असते तर दम लागला असता. सहज बोलता येईल एवढंच जोरात चालायचं, असंही सांगितलंय."

अंजनाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. दैवशाला त्यांना वळसा घालून पुढं गेली.

आता ही बाई अशी का, ते सांगायला पाहिजे. तिची लेक तनू चार महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा ताप आला. सिस्टरनं सांगितलं, औषध पाच एमएल, सहा-सहा तासांनी, न चुकता. दैवशालानं पाचाचं सव्वापाच होऊ दिलं नाही. घड्याळासमोर चमचा धरून बसली. ताप उतरला. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं केलं की सांगितलेलं जसंच्या तसं करावं. आपलं डोकं चालवावं तर काहीतरी वंगाळ होतं. बाळंतपणात तिला डिंकाचा लाडू रोज एक खायला सांगितला होता. तो तिनं अकरा महिने खाल्ला. आता बास, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्यामुळं ती अंगानं चांगली भरलेली होती, आणि त्यामुळंच तिला दोरीला घेतलं होतं.

दोरी म्हणजे रस्सीखेच. तालुक्याला बचत गटांचा मेळावा होता. तिथं बायकांची रस्सीखेच ठेवली होती, आणि जे गाव जिंकेल त्या गावाला पिठाची चक्की मिळणार होती, विजेवर चालणारी.

हिवरखेडीची चक्की दिवाळीपासून बंद होती. चक्कीवाला लेकाकडं राहायला गेला, तो चक्कीही उचलून घेऊन गेला. आता दळण जायचं ढोकरवाडीला. दीड कोस चालायचं, वाटेत ओढा, आणि तिथं गेल्यावर रांग. दैवशालाच्या डोक्यावर डबा आणि कडेवर तनू. तनू आईशिवाय कुणाकडं घटकाभर राहायची नाही, आणि खरं सांगायचं तर आईही तनूशिवाय राहायची नाही. माघ महिन्यात ओढ्यातल्या शेवाळ्यावरून तिचा पाय सटकला. डबा गेला, तनू राहिली. पंधरा शेर पीठ पाण्यात पांढरं होऊन वाहत गेलं. दैवशाला तिथंच दगडावर बसली आणि तनूचं एक-एक बोट मोजलं. वीस भरली. मग रडली. त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. चक्की गावात यावी. बास.

गावच्या आठ बायका तयार झाल्या. पुढारीण सरूआक्का. आक्काचा आवाज असा, की त्यांनी घरात नातवाला हाक मारली की शेजारची पोरंही जेवायला जायची. शिकवायला घोडके मॅडम. त्या तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवायच्या, पण माहेर हिवरखेडीचं, म्हणून शनिवारी मुद्दाम आल्या. आठही जणींना शाळेच्या पटांगणात बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"कोंबडी कापलेली बघितलीय ना? तंगडीचं मांस लालसर असतं आणि छातीचं पांढरं. का बरं?"

"तंगडी मसाला जास्त धरती," सरूआक्का म्हणाल्या.

"नाही आक्का. कोंबडी दिवसभर काय करते? चालते, उकरते. तिच्या पायाला सतत काम. आणि उडते कधी? कुत्रं मागं लागलं की. तेही भिंतीपर्यंत. म्हणून पायात लाल धागे जास्त, छातीत पांढरे. मांस हे अशा बारीक धाग्यांचंच विणलेलं असतं. लाल धागा हळू ओढतो, पण थकत नाही. पांढरा एकदम जोर लावतो आणि लगेच थकतो. आपल्या अंगातही तसंच."

दैवशालानं हळूच लुगड्याचा काठ उचलून स्वतःच्या पोटरीकडं बघितलं.

"वरून दिसत नाहीत हो ताई," मॅडम म्हणाल्या. "आणि काही मधलेही असतात. ते नव्या सुनेसारखे. ज्या घरात पडतील तिथली रीत उचलतात. हळू काम दिलं की लालांसारखे होतात, जोराचं दिलं की पांढऱ्यांसारखे."

"म्हणजे बिचारेच," दैवशाला म्हणाली.

"दोरीला दोन्ही लागतात. आधी धरून राहायचं, ते लालांचं काम. मग समोरचे दमले की एकदम हिसका, ते पांढऱ्यांचं. पहिले काही दिवस आपण लालांना कामाला लावू. सकाळी अर्धा तास चाला. हळू, पण थांबायचं नाही."

हे शनिवारी सांगितलं. सोमवारी दूध गेलं.

संध्याकाळी मॅडम आल्या तेव्हा अंजनाबाईंनी जळकं पातेलंच त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे तुमच्या लाल धाग्यांनी केलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, दूध उतू जाताना लाल धागे काय कामाचे? अशा वेळी पांढरे! अंगात असेल-नसेल तेवढा जोर लावायचा. दहा मोजेपर्यंत. मग मात्र खाली बसायचं. तीन मिनिटं. काही करायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. पांढरा धागा तेवढ्यात परत भरून येतो. पुन्हा उठायचं, पुन्हा दहा. आता हेच शिकायचंय."

"बरं," दैवशाला म्हणाली. "आता ध्यानात ठेवते."

ठेवलं तिनं ध्यानात.

गुरुवारी सरूआक्काच्या नातीचं बारसं होतं. पंगत बसली. दैवशालाच्या हातात वरणाची बादली दिली आणि आक्का म्हणाल्या, "पोरी, जरा अंग झटकून वाढ. माणसं खोळंबलीत."

अंग झटकून म्हटल्यावर दैवशालाला कळलं की हे पांढऱ्यांचं काम. तिनं पदर खोचला. एक म्हणायच्या आत पहिल्या ताटात वरण पडलं. तीनला ते भातावरून पाटावर आलं. पाचला एका पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ वरणात भिजलं. सातव्या माणसानं ताटावर आडवा हात धरला, त्याच्या हातावर वाढलं. दहा झाले. दैवशाला होती तिथं पंगतीच्या मधोमध मांडी घालून बसली. बादली मांडीवर.

अकराव्या माणसाच्या ताटात कोरडा भात होता, मीठ होतं आणि लिंबाची फोड होती. तो म्हणाला, "वहिनी, वरण."

दैवशालानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"वहिनी, हातातच बादली आहे तुमच्या."

दैवशाला काही बोलली नाही. बोलायचंसुद्धा नव्हतं.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय झालं गं? चक्कर आली का? पाणी आणा रे कुणीतरी!"

पाणी आणलं, कांदा फोडून नाकाला लावला. तीन मिनिटं झाली तशी दैवशाला उठली, पदर खोचला आणि पुढच्या दहा जणांकडं वळली. ते दहाच्या दहा जण ताटं उचलून उभे राहिले.

घरी आल्यावर नवरा भागवत म्हणाला, "अगं, सगळं एकदम ओतायचं असतं का? जरा जरा वाढवत न्यावं माणसानं."

आणि गंमत अशी की दुसऱ्या दिवशी मॅडमही तेच म्हणाल्या. त्यांनी प्रत्येकीला वाळूची पिशवी दिली. "ही पाठीवर घेऊन उठाबशा काढायच्या. दर दिवसाआड एक शेर वाळू वाढवायची. एकदम नाही. जरा जरा. धाग्याला कळता कामा नये की ओझं वाढलंय. सवयीनं तो आपोआप जाड होतो."

"बरं. आता ध्यानात ठेवते."

वाळूचं तिनं नीट केलं. पण त्याच दिवशी अंजनाबाई जेवताना म्हणाल्या होत्या, "आमटीला तिखट कमी पडतंय. जरा वाढव."

शनिवारी दैवशालानं एक चमचा वाढवला. कुणाला कळलं नाही. ती खूश झाली. सोमवारी दुसरा वाढवला. अंजनाबाई म्हणाल्या, "आता कशी झाली!" बुधवारी तिसरा. भागवतनं भाकरी जास्त खाल्ली. शुक्रवारी चौथा. अंजनाबाईंच्या नाकातून पाणी आलं, त्या म्हणाल्या सर्दी झाली वाटतं. रविवारी पाचवा. भागवत ताटावरून उठला, बाहेर गेला आणि रांजणात कानापर्यंत तोंड घातलं. वर आला तेव्हा त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते.

"काय घातलंस यात?"

"पाच चमचे. मंगळवारी सहा होतील."

"सहा? अगं, थांबायचं कधी?"

दैवशाला विचारात पडली. "ते सांगितलं नाही कुणी."

तनूला तेवढं तिनं वरणभात वेगळा काढून दिला होता. पोरीच्या बाबतीत ती कधी चुकली नाही.

मॅडमनी हेही ऐकून घेतलं. आता त्या दैवशालाशी बोलायच्या आधी जरा थांबून विचार करायला लागल्या होत्या, तरी निसटलंच.

"ताई, नुसतं वाढवत जायचं नसतं हो. मधे सुट्टी द्यावी लागते. धागा कामात वाढत नाही. कामात तो जागोजागी जरा उसवतो. आणि आराम मिळाला, पोटभर खाल्लं, झोप झाली, की पहिल्यापेक्षा घट्ट विणला जातो. म्हणून जे अंग काल राबलं, त्याला आज सुट्टी. समजलं?"

"समजलं," दैवशाला म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मॅडमला काळजी वाटली.

गुरुवारी सगळ्यांनी उजव्या हातानं वाळूच्या पिशव्या उचलल्या. शुक्रवारी दैवशालाच्या घरी चैत्राचं हळदीकुंकू होतं. दोरीच्या सगळ्या जणी नटूनथटून आल्या. पन्हं झालं, कैरीची डाळ झाली. दैवशाला करंडा घेऊन पुढं आली आणि सरूआक्काच्या कपाळाला कुंकू लावलं. डाव्या हातानं.

कुणाच्या तरी वाटीतली डाळ खाली सांडलेली ऐकू आली.

आक्कांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी पदर पुढं केला. दैवशालानं ओटीत हरभरे घातले. डाव्या हातानं. उजवा हात तिनं कमरेला ओढणीनं बांधून ठेवला होता, म्हणजे चुकून उठायला नको.

"दैवशे!" अंजनाबाई किंचाळल्या. "उजवा हात काय झाला तुझा?"

"त्याला आज सुट्टी आहे."

सरूआक्का उठल्या. ओटीतले हरभरे त्यांनी तिथंच पाटावर ठेवले. "साठ वर्षांत मला कुणी डाव्या हातानं कुंकू लावलं नव्हतं. बारशात माझी पंगत उठवलीस, ते गिळलं मी. आता बास. दोरीला सात जणी ओढा. मी येत नाही."

आक्का गेल्या, त्यांच्यामागं आणखी दोघी गेल्या. पन्हं तसंच राहिलं.

त्या दिवशी दैवशालानं डबा बघितला. पीठ तळाला गेलं होतं. ढोकरवाडीची फेरी आली होती. तिच्या डोळ्यांसमोर ओढा आला, शेवाळं आलं, तनूचा काखेतला गरम-गरम भार आला. तिनं तनूला उचललं आणि तडक आक्कांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आक्का, मी अडाणी आहे. मला मारा, पण दोरीला या."

"अडाणी नाहीस. सातवी शिकलीस. तेच तर वाईट झालं."

"माझ्यामुळं चक्की गेली तर या पोरीला घेऊन मी त्याच ओढ्यातून किती वर्षं जाऊ?"

तनूनं आक्कांच्या बोरमाळेला हात घातला होता, तो त्यांनी सोडवला नाही. मग म्हणाल्या, "येते. त्या दोघींनाही आणते. चक्कीसाठी. तुझ्यासाठी नाही. आणि माझ्या मागं दोरीला कुणाचाही हात लागला तर तो उजवा पाहिजे."

मॅडमनी दैवशालाला बाजूला घेतलं. "सुट्टी जोराच्या कामाला, ताई. कुंकवाला नाही. आता शेवटचं सांगते. अंग जे करतं तेच शिकतं. चालून चालणं येतं, उचलून उचलणं येतं. दोरी ओढायची असेल तर दोरीच ओढली पाहिजे. घरी रोज दोरी ओढा."

"बरं. आता ध्यानात ठेवते."

घरात दोरी एकच होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला म्हैस होती. दैवशालानं दोरी धरली, टाच रोवली, मागं रेलली. म्हशीला वाटलं, पाण्यावर न्यायचंय. ती चालायला लागली. दैवशाला मागं सरकली. म्हैस पुढं आली. दैवशालाला वाटलं, आपण जिंकतोय. अशी ती उलट्या पावलांनी गल्लीतून निघाली, मारुतीच्या देवळावरून गेली, शाळेवरून गेली, आणि नदीत गुडघाभर पाण्यात गेल्यावर थांबली. म्हैस निवांत डुंबायला बसली. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी विचारलं, "काय गं, कुणी ओढलं कुणाला?"

"मी ओढलं," दैवशाला दम खात म्हणाली. "तिनं एकदाही ताण दिला नाही."

"समोर न हलणारं काहीतरी पाहिजे हो," मॅडम जवळजवळ रडवेल्या होऊन म्हणाल्या. "झाड! झाडाला बांधा!"

मग दैवशालानं दोरी बाभळीला बांधली. आणि इथं मात्र तिला चुकायला जागाच नव्हती. झाड एक, दोरी एक, बाई एक. रोज सकाळी ती धरून राहायची. पाय थरथरले तरी धरून राहायची. मग दहा मोजेपर्यंत हिसका. मग तीन मिनिटं डोळे मिटून गप्प बसणं. दिवसाआड सुट्टी. तिसऱ्या आठवड्यात बाभळीची साल निघाली. भरलेला डबा डोक्यावर चढवायला तिला आता कुणाचा हात लागेना. मॅडमनी एकदा तिच्याशी ओढून बघितलं आणि चप्पल हरवून आल्या. सरूआक्कासुद्धा म्हणाल्या, "डोकं सोडलं तर सगळं तयार झालंय हिचं."

मेळाव्याचा दिवस आला. टेम्पोतून आठ जणी गेल्या, अंजनाबाई तनूला घेऊन गेल्या. मेळाव्याकडून सगळ्या गावांच्या बायकांना एकसारखी साडी होती, जांभळी, हिरव्या काठाची. मैदानाच्या एका अंगाला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या अंगाला मांडव. हिवरखेडी लिंबाच्या बाजूला होती.

मॅडमनी दैवशालाला सगळ्यात शेवटी उभं केलं. शेवटची बाई म्हणजे खुंटा. मॅडमनी आता शब्द मोजून वापरले. काल सगळं पाठ करून आल्या होत्या.

"ताई, नीट ऐका. ही लिंबाखालची जागा तुमची. काही झालं तरी ही जागा सोडायची नाही. पुढच्या पडल्या तरी नाही. लोक सोड-सोड म्हणून ओरडले तरी नाही. पोरगी रडली तरी तिकडं बघायचं नाही, डोळे मिटून घ्यायचे. आधी नुसतं धरून राहायचं. माझी शिट्टी वाजली की दहा मोजेपर्यंत हिसका. दोन ओढींच्या मधे इथंच बसून गप्प आराम."

"बरं," दैवशाला म्हणाली. "ध्यानात ठेवते."

पहिली ओढ झाली. समोरच्या गावानं सुरुवातीलाच सगळा जोर संपवला. हिवरखेडीच्या बायका धरून राहिल्या. शिट्टी वाजली, हिसका बसला, संपलं. दुसरी ओढही तशीच. तनू लिंबामागून "आई, आई" करून रडत होती. दैवशालाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पाय हलला नाही. मॅडमनी आभाळाकडं बघून हात जोडले.

शेवटची ओढ ढोकरवाडीशी. दैवशाला लिंबाखाली बसली होती. डोळे मिटलेले, दोरीचं टोक मांडीवर, बोलायचं नाही.

इकडं मैदानात नाणं उडवलं. ढोकरवाडीनं लिंबाची बाजू मागितली, तिथं सावली होती. हिवरखेडीनं मांडवाच्या बाजूला जायचं ठरलं. सरूआक्का पुढं चालल्या, बाकीच्या मागून, तनूला घेऊन अंजनाबाईही. प्रत्येकीला वाटलं, दैवशाला आपल्या मागून येतीय.

ढोकरवाडीच्या आठ जणी लिंबाखाली आल्या. त्यांच्यातल्या शेवटच्या बाईनं दैवशालाला विचारलं, "तुम्ही कोण गं बाई?"

दैवशाला गप्प.

"मुकी आहे वाटतं," ती बाई म्हणाली आणि तिच्या पुढं उभी राहिली.

पंचांनी बायका मोजल्या. एकूण सोळा. बरोबर होत्या.

दोरी ताणली. दैवशाला उठली, दोरी काखेखालून घेतली, टाचा रोवल्या. समोरचे या वेळी घट्ट होते. तिला अभिमान वाटला. असे घट्ट लोक हरवायचे म्हणजे काय! ती धरून राहिली. पोटऱ्या पेटल्या, तरी धरून राहिली. लाल धागे आपलं काम करत होते. तनूचा आवाज या वेळी पाठीमागून नाही, समोरून येतोय असं तिला वाटलं. पण तिकडं बघायचं नव्हतं.

मॅडमची शिट्टी वाजली.

दैवशालानं दीड महिन्याचं सगळं काढलं. वाळूच्या पिशव्या काढल्या, बाभळीची साल काढली, ओढ्यात वाहून गेलेलं पीठ काढलं. एक, दोन, तीन. दोरी सरकली. "दैवशाला! अगं दैवशाला!" मॅडम ओरडल्या. तिला वाटलं, कौतुक करतायत. चार, पाच. "सोड गं! सोड ते दावं!" अंजनाबाई ओरडल्या. सोडायचं नव्हतंच. सहा, सात. सरूआक्काचा तो आवाज आला, "मेले, डोळे उघड!" डोळे तर मुळीच उघडायचे नव्हते. आठ, नऊ, दहा. समोरचा सगळा भार एकदम सुटला, धाडधाड बायका पडल्याचा आवाज झाला आणि मैदानभर टाळ्या वाजल्या.

दैवशालानं दोरी टाकली आणि पुढच्या बाईला कडकडून मिठी मारली.

"जिंकलो गं! आली चक्की गावात!"

"आली की!" ती बाई म्हणाली. "पण तुम्ही मुक्या नव्हता होय?"

दैवशालानं डोळे उघडले. मिठीतली बाई ओळखीची नव्हती. तिच्या पुढची नव्हती. तिच्याही पुढची नव्हती. रेषेच्या अलीकडं फरपटत आलेल्या सात बायका मातीत पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांतली सगळ्यात पुढची मान वर करून तिच्याकडं बघत होती. ती सरूआक्का होती. तोंडात गवत होतं म्हणून बोलत नव्हती.

मॅडम पंचांशी भांडायला गेल्या. पंच म्हणाले, "मॅडम, बाई तुमचीच ना? मग तक्रार कुणावर लिहू?"

ढोकरवाडीच्या बायका भल्या. त्यांनी दैवशालाला नारळ दिला, तनूला पेढा दिला आणि चक्की टेम्पोत चढवायला तिचीच मदत घेतली. इतर कुणाला ती एकटीनं उचलत नव्हती.

येताना टेम्पोत सगळ्या साडीवरची माती झटकत होत्या. ओढा आला तसा दैवशालानं घसा खाकरला.

"आक्का, एक मात्र बरं झालं."

"काय?" आक्का दातांवर दात धरून म्हणाल्या.

"ढोकरवाडीत आता दोन चक्क्या झाल्या. रांग लागायची नाही."

तर बायांनो, तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी कुणी असेल तर तिच्या पुढारणीला एवढा निरोप पोचवा. तिला काय करायचं ते सांगून थांबू नका, कुणासाठी करायचं तेही सांगा. आणि ज्यांच्या घरी दळण साचलंय त्यांना कळवा, दैवशाला गुरुवारी ढोकरवाडीला जाते आहे. चार डबे जास्तीचे उचलेल ती, आणि गाव तिला तेवढे उचलायला लावणारच आहे.